कोल्हापूर-सांगलीचा महापूर आणि पूरनियंत्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनंतर पंचगंगा आणि कृष्णाकाठी जुलै उजाडला की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. पूर का येतो, तो कोण अडवू शकतं, कोट्यवधींची कामं मंजूर होतात त्यातून आपल्या गल्लीला काय मिळणार आणि तोवर आपण काय करायचं. या प्रश्नांची जमतील तितकी नेमकी उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं कुणाला आवडणार नाहीत, पण पूर आवडीनिवडी बघत नाही.

शहरात तर जेमतेम रिमझिम आहे. मग पाणी कुठून येतं?

घाटमाथ्यावरून. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या सह्याद्रीत उगम पावतात आणि प्रयाग चिखलीजवळ एकत्र येऊन पंचगंगा होते. पाचवी सरस्वती गुप्त मानतात. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे चार दिवस सलग कोसळला की कोल्हापुरात ऊन पडलेलं असलं तरी पंचगंगा चढते. सांगलीचंही तसंच. महाबळेश्वर आणि कोयनेच्या पाणलोटात पडलेला पाऊस कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावरून खाली येतो, वाटेत ब्रह्मनाळला येरळा मिळते आणि मग तो सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पोचतो.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढच्या निम्म्या उत्तरांचा पाया तीच आहे. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वारणा सांगलीच्या अगदी खाली, हरिपूरला कृष्णेला मिळते. तीनही नद्या एकाच वेळी भरून वाहिल्या तर एकीचं पाणी दुसरीला पुढे जाऊ देत नाही. कृष्णा फुगली की पंचगंगेला वाट मिळत नाही आणि पाणी मागे कोल्हापूरकडे चढत जातं. वारणा फुगली की सांगलीतलं पाणी उतरायचं नाव घेत नाही. मोरीचं तोंड तुंबलं की न्हाणीघरात पाणी साठतं, तोच हा प्रकार. म्हणून पाऊस थांबल्यावरही पाणी दिवसेंदिवस हलत नाही. २०१९ मध्ये लोकांना सर्वांत जास्त त्रास झाला तो या थांबलेल्या पाण्याचा.

'राजाराम बंधारा ४३ फूट' म्हणजे माझ्या घरात किती पाणी?

बंधाऱ्याचा आकडा म्हणजे तुमच्या दारातली खोली नव्हे. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरची मोजपट्टी तिथल्या पातळीपुरती बोलते. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलावर इशारा ४० फुटांना आणि धोका ४५ फुटांना. २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आयर्विनला ५७ फुटांच्या वर. २०२१ मध्ये कोल्हापुरात ते २०१९ पेक्षाही चढलं.

उपयोगाची गोष्ट अशी की प्रत्येक घराचा स्वतःचा एक आकडा असतो. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांत धोका पातळी गाठण्याच्या बरंच आधी पाणी येतं. मारुती चौकात ते नंतर येतं. कोल्हापुरात सुतारवाड्यातली कुटुंबं सर्वांत आधी हलवावी लागतात, शाहूपुरीत पाणी यायला त्यानंतर वेळ लागतो. तुमच्या गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारा : 'पाणी कोपऱ्यावरच्या खांबाला लागलं तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट होतं? पहिल्या पायरीला लागलं तेव्हा किती?' ते दोन आकडे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. मग बातम्यांमध्ये ४१ ऐकल्यावर घाबरायचं की सामान बांधायला घ्यायचं, हे तुम्हाला शेजाऱ्याला विचारावं लागणार नाही. २०१९ किंवा २०२१ च्या पाण्याची रेघ भिंतीवर अजून दिसत असेल तर रंगकाम करताना ती पुसू नका. शेजारी वर्ष आणि बंधाऱ्यावरचा त्या दिवशीचा आकडा लिहा. पुढच्या भाडेकरूला त्याचा जीव वाचवण्याइतका उपयोग होईल.

आणि एक. पातळी किती आहे यापेक्षा ती तासाला किती इंचांनी वाढते आहे हे बघा. ४० फुटांवर स्थिर असलेलं पाणी आणि ३८ फुटांवरून झपाट्याने चढणारं पाणी यांत दुसरं जास्त धोक्याचं.

कोल्हापुरात पाणी घाटावरून शहरात शिरतं का?

मुख्यतः नाही. पंचगंगा घाटावरचं पाणी सगळ्यांना दिसतं, लोक ते बघायला जातात. पण शहराच्या मध्यात पाणी येतं ते जयंती नाल्यासारख्या वाटांनी, उलटं. एरवी नाला नदीला मिळतो. नदीची पातळी नाल्याच्या वर गेली की नदीच नाल्यातून आत चालत येते. म्हणून व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्क हे नदीकाठ नसलेले भाग पाण्याखाली जातात. सांगलीत शेरीनाल्याचं तेच काम आहे. नाल्यावर स्लॅब टाकून, काठ भरून, पात्र अरुंद करून जी बांधकामं झाली त्यांनी हे पाणी पसरायची जागा खाल्ली आणि ते शेजारच्या घरात ढकललं. शहराच्या पूरनियंत्रणाचं पहिलं काम नदीवर नाही, नाल्यावर आहे असं माझं ठाम मत आहे.

धरणं जूनमध्येच रिकामी ठेवली तर पूर येणारच नाही ना?

कमी होईल, थांबणार नाही. इथे थोडं गणित करू, कारण या प्रश्नावर भावनेने जितकं बोललं जातं तितकं आकड्यांनी बोललं जात नाही.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. एक लाख क्युसेकने पाणी पूर्ण दिवसभर वाहिलं तर ८.६४ टीएमसी होतं. राधानगरी धरणाची क्षमता ८.३६ टीएमसी आहे. म्हणजे धरण तळापासून कोरडं असतं आणि त्यात एक लाख क्युसेकने पाणी आलं असतं तर ते एका दिवसाच्या आत काठोकाठ भरलं असतं. पंचगंगेच्या खोऱ्यातली राधानगरी, तुळशी, कासारी आणि कुंभी ही चार धरणं मिळून जेमतेम १७ टीएमसीच्या घरात जातात.

कोयनेची गोष्ट वेगळी. तिची क्षमता १०५.२५ टीएमसी, वारणेची ३४.४० टीएमसी. ही मोठी धरणं आहेत आणि सांगलीचा पूर ती खरोखर बदलू शकतात. कोयनेत १० टीएमसी जागा मोकळी ठेवली तर एक लाख क्युसेकची आवक ती साधारण २८ तास पोटात घेईल. २८ तास ऐकायला कमी वाटतात. पण वारणा आणि पंचगंगा शिखरावर असताना नेमके तेच २८ तास कोयनेचे दरवाजे बंद ठेवता आले तर सांगलीत पाण्याची उंची कमी राहील, आणि दोन-तीन फुटांचा फरक म्हणजे हजारो घरांचा फरक. मोकळी जागा शिखरासाठी राखायची असते. ती पहिल्याच पावसात भरून बसली तर तिचा उपयोग गेला.

मग धरणं मोकळी का ठेवत नाहीत? कारण तेच पाणी पुढे आठ महिने शेतीला, प्यायला आणि कोयनेच्या बाबतीत विजेला लागतं. कृष्णा पाणी तंटा लवादाने कोयनेचं ६७.५ टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला मुभा दिली आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धरण मोकळं ठेवलं आणि नंतर पावसाने पाठ फिरवली तर त्याचा जाब धरणावरच्या अभियंत्यालाच विचारला जातो. त्यामुळे तो धरण लवकर भरून घेण्याकडे झुकतो. यावर उपाय एकच : कुठल्या तारखेला पातळी किती असावी याचं वेळापत्रक पावसाच्या अंदाजाशी जोडायचं, ते लोकांसमोर ठेवायचं, आणि ते पाळताना पाणी कमी पडलं तर अभियंत्याला वाऱ्यावर सोडायचं नाही.

उलट बाजू सुरतने बघितली आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरण भरत आलेलं असताना मोठा लोंढा आला, प्रचंड विसर्ग करावा लागला आणि तापीकाठचं बहुतेक सुरत पाण्यात गेलं.

शिवाय धरणाच्या खाली पडणारा पाऊस कुठल्याच दरवाजाला विचारत नाही. पंचगंगेच्या पाणलोटाचा मोठा भाग धरणांच्या खाली आहे. तिथलं पाणी थेट नदीत येतं.

राधानगरीचे दरवाजे कोण उघडतं?

राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेल्या या धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. जलाशय पूर्ण भरला की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी पडतं. म्हणून 'रात्री दरवाजे उघडून आम्हाला बुडवलं' हा आरोप इथे लागू पडत नाही. पण याच रचनेमुळे धरण भरण्याच्या आधी, अंदाज बघून, मोठा विसर्ग करणं या धरणाला अवघड जातं. दरवाजांची रचना बदलावी ही मागणी त्यातूनच आलेली आहे आणि ती रास्त आहे.

खरा दोषी अलमट्टीच आहे का?

या भागात सर्वांत जास्त तापणारा प्रश्न. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पूर्ण संचय पातळी, म्हणजे पाणी जास्तीत जास्त जिथवर साठवतात ती उंची, समुद्रसपाटीपासून ५१९.६० मीटर आहे. ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायला दुसऱ्या कृष्णा पाणी तंटा लवादाने परवानगी दिली, आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. २०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली. अलमट्टीच्या फुगवट्यामुळे, म्हणजे धरणात अडून मागे चढणाऱ्या पाण्यामुळे, सांगली-कोल्हापूरला पूर येत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. अनेक स्थानिक अभ्यासकांना आणि कार्यकर्त्यांना तो मान्य नाही. त्यांचं म्हणणं असं की स्थिर पाण्याची पातळी बघून फुगवटा ठरवता येत नाही. नदी भरून वाहत असताना, पात्रात गाळ साठलेला असताना आणि मध्ये हिप्परगी बंधारा असताना पुढचं पाणी किती हळू सरकतं हे मोजायला हवं.

माझं मत सांगतो. सध्याच्या पातळीला अलमट्टी हे महापुराचं मुख्य कारण आहे असं दाखवणारा पुरावा मला पुरेसा वाटत नाही. पण उंची आणखी साडेचार मीटरपेक्षा जास्त वाढवण्याला विरोध योग्य आहे, कारण सांगलीच्या खाली कृष्णेचा उतार अगदी कमी आहे आणि अशा सपाट पात्रात थोडा अडथळाही लांबवर जाणवतो. ऑगस्टच्या मध्यापर्यंत अलमट्टीची पातळी खाली ठेवावी आणि तिथली आवक-जावक दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी तासातासाला एकमेकांना कळवावी, ही मागणी कुठल्याही निष्कर्षाच्या आड येत नाही. ती धरून ठेवायला हवी. मात्र अलमट्टीकडे बोट दाखवून आपल्याच नगरपालिका आणि महापालिकांच्या हद्दीतली पूररेषेतली (पुराच्या पाण्यासाठी आखलेल्या रेषेच्या आतली) बांधकामं झाकली जातात, हे मला फार खटकतं.

नदीतला गाळ काढला तर?

काही ठिकाणी उपयोग होतो : पुलांच्या कमानीखाली, नाल्यांच्या तोंडाशी, संगमांजवळ. संपूर्ण नदी खोल करून महापूर टळेल ही आशा मात्र चुकीची आहे. महापुरात पाणी पात्राबाहेर मैलभर पसरलेलं असतं, त्या मानाने तळातला काही फूट गाळ ही लहान गोष्ट. शिवाय पुढच्या पुरात गाळ पुन्हा येतो. गाळाच्या नावाखाली वाळू उपसा झाला तर काठ ढासळतात, तो धोका वेगळाच.

उन्हाळ्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायला बसवलेल्या फळ्या) वेळेवर काढणं हे साधं काम गाळ काढण्यापेक्षा स्वस्त आणि नक्की फायद्याचं. पहिल्या पुरात बरगे अडकून राहिले की पाणी वरच्या गावात चढतं आणि कडेचा भराव वाहून जातो.

शहराभोवती उंच भिंत का बांधत नाहीत?

भिंतीने जिथे वस्ती अगदी काठावर आहे आणि हलवता येणार नाही तिथे फायदा होतो. पण भिंत बांधली की दोन प्रश्न उभे राहतात. शहरात पडलेला पाऊस बाहेर कसा काढायचा? नाल्यांच्या तोंडाला झडपा आणि मोठे पंप लागतात, आणि ऐन पुरात वीज गेली तर आत तळं. दुसरा प्रश्न समोरच्या काठाचा. इकडे अडवलेलं पाणी तिकडच्या गावात चढतं. शहर वाचवायचं म्हणून शिरोळ तालुक्यातली गावं आणखी बुडवायची का, याचं उत्तर भिंतीचा आराखडा काढणाऱ्याने आधी दिलं पाहिजे.

बाहेरच्या देशांनी काय केलं?

तीन उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहेत. कॅनडात विनिपेग शहराभोवती रेड नदीचं पुराचं पाणी वळवणारा ४७ किलोमीटरचा कालवा १९६८ मध्ये पूर्ण झाला. १९९७ च्या मोठ्या पुरात त्याने शहर वाचवलं. व्हिएन्नाने डॅन्यूबला समांतर २१ किलोमीटरचं दुसरं पात्र खोदलं, एरवी तिथे लोक पोहतात आणि पुराच्या वेळी दरवाजे उघडून पाणी तिकडे सोडतात. नेदरलँड्सने तर उलटाच रस्ता धरला : तीसहून जास्त ठिकाणी नदीला जागा परत दिली. नाइमेखनला बांध ३५० मीटर मागे सरकवला, त्यासाठी घरं हलवली.

तिन्हीत समान काय? पाण्याला पसरायला किंवा वळायला जमीन दिली गेली. विनिपेगभोवती ती मोकळी मिळाली, आपल्याकडे नदीकाठी एकरा-दीड एकराचे उसाचे मळे आहेत आणि एकेका तुकड्यावर एक घर जगतं. म्हणून तोच आराखडा उचलून इथे लावता येत नाही. पण पूररेषेत आज जी जमीन मोकळी आहे ती तशीच राखणं, हे आपल्या आवाक्यातलं आहे आणि त्याला पैसेही फारसे लागत नाहीत.

पुराचं पाणी बोगद्याने दुष्काळी भागाला नेलं तर दोघांचंही भलं होईल ना?

दुष्काळी भागाचं भलं होईल यात शंका नाही. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे टेंभू, म्हैसाळ योजनांतून पुराच्या दिवसांत पाणी उचललं जातं आणि तलाव भरतात, ही चांगली गोष्ट आहे. कृष्णेचं जादा पाणी भीमा खोऱ्यात आणि पुढे नेण्याच्या मोठ्या योजनेवरही बरीच वर्षं चर्चा चालू आहे.

पण शहराचा पूर त्याने किती उतरेल? पुन्हा आकडे. १०,००० क्युसेक वाहून नेणारा बोगदा दिवसभर भरून चालला तर पाऊण टीएमसीच्या थोडं वर, नेमकं ०.८६ टीएमसी पाणी वळवेल. महापुरात नदीतून त्याच्या कितीतरी पट पाणी जात असतं. म्हणजे अशी योजना दुष्काळासाठी करा, मनापासून करा. पण तिच्यामुळे पूररेषेत घर बांधायला हरकत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शिवाय या योजनांचं मोठं गुपित विजेचं बिल आहे. पंप कोण चालवणार आणि कुठल्या पैशाने, हे ठरल्याशिवाय पाणी चढत नाही.

जागतिक बँकेच्या प्रकल्पात काय आहे?

महाराष्ट्र प्रतिसादक्षम विकास कार्यक्रम या नावाने कृष्णा खोऱ्यातल्या पूर व्यवस्थापनासाठी सुमारे ३,२०० कोटी रुपयांचा कार्यक्रम आखला गेला. त्यातला ७० टक्के वाटा जागतिक बँकेचं कर्ज, बाकी राज्याचा. नदी-नाल्यांची कामं, शहरातला पाण्याचा निचरा, पूर अंदाजाची यंत्रणा आणि पुराचं पाणी वळवण्याचा अभ्यास ही त्यामागची दिशा आहे.

नागरिक म्हणून यात विचारण्यासारखे प्रश्न मोजके आहेत. नाल्यांची कामं आधी की काठाचं सुशोभीकरण आधी? पदपथ आणि दिवे लावलेला काठ म्हणजे पूरनियंत्रण नव्हे, बऱ्याचदा तो पात्र अरुंद करतो. आपल्या प्रभागातल्या कामाने पाण्याची पातळी किती इंच कमी होणार, हा आकडा मागा. जो अभियंता तो देऊ शकतो त्याने काम नीट अभ्यासलेलं असतं.

महामार्गाच्या भरावामुळे पूर वाढतो हे खरं का?

हो, स्थानिक पातळीवर वाढतो. पुराच्या मैदानात आडवा मातीचा भराव घालून त्यावर रस्ता नेला की तो बांधासारखा वागतो. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ २०१९ मध्ये पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला, दोन्ही बाजूंना वाहनांच्या रांगा आणि कोल्हापुरात पेट्रोल, दूध, भाजी सगळ्याचीच चणचण. भराव काढून तिथे खांबांवरचा पूल करा, म्हणजे पाणी खालून जाईल आणि रस्ताही चालू राहील, ही शिरोली परिसराची जुनी मागणी आहे. पुराच्या पट्ट्यात नवा रस्ता किंवा पुलाचा जोडरस्ता होत असेल तर ग्रामसभेत हाच प्रश्न विचारा : भराव की खांब?

निळी रेषा आणि लाल रेषा म्हणजे काय? 'शंभर वर्षांतला पूर' दोन वर्षांत परत कसा आला?

सोप्या शब्दांत, २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द म्हणजे निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द म्हणजे लाल रेषा. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा.

'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ एकदा आला की ९९ वर्षं निश्चिंती, असा नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का असते, गेल्या वर्षी आला असला तरी. तुम्ही २० वर्षांच्या गृहकर्जावर लाल रेषेच्या काठावर घर घेतलं तर कर्ज फिटेपर्यंत ते एकदा तरी बुडण्याची शक्यता सुमारे १८ टक्के. निळ्या रेषेवर असेल तर ५६ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त. आणि हे आकडे जुन्या पावसावर बेतलेले. घाटातला पाऊस आता कमी दिवसांत जास्त पडतो आहे हे इथला प्रत्येक शेतकरी सांगेल.

प्लॉट घेताना काय तपासू?

महापालिकेच्या नगररचना विभागात गट नंबर देऊन झोन दाखला आणि पूररेषेचा नकाशा मागा. जलसंपदा विभागाकडेही नकाशे असतात. एजंटच्या मोबाइलमधल्या फोटोवर भागवू नका. त्यानंतर शेजारच्या टपरीवर जाऊन '२०१९ ला पाणी कुठवर होतं?' हे विचारा. नकाशा आणि टपरीवाला यांचं जुळलं नाही तर टपरीवाल्याचं ऐका.

भरावाने उंच केलेला प्लॉट बघून हुरळून जाऊ नका. तुमचा भराव शेजाऱ्याचा पूर असतो, आणि तुमच्या शेजाऱ्याचा तुमचा.

पूरग्रस्त गावं पुनर्वसनाच्या जागी का जात नाहीत?

प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा दिली गेली, तरी जुनी गावं अजून नांदती आहेत. लोकांना दोष देण्याआधी त्यांचा दिवस बघा. रान नदीकाठी, गोठा घराला लागून, पहाटे धार काढून दूध डेअरीला घालायचं. नवा प्लॉट एका घरापुरता असतो, त्यात म्हशी बांधायच्या कुठे आणि वैरण ठेवायची कुठे? शिवाय कुटुंब वाढलं, प्लॉट एकच. पुनर्वसन घराचं केलं आणि गोठ्याचं केलं नाही तर माणूस परत येतो. ही आडमुठेपणाची गोष्ट नाही.

स्थलांतर कधी करायचं? जनावरांचं काय?

तुमच्या घराचा आकडा येण्याच्या एक फूट आधी आणि उजेड असताना. रात्री पाण्यातून निघण्यासारखं दुसरं धोक्याचं काम नाही. आधी म्हातारी माणसं, बाळंतीण, आजारी. जनावरं त्याच्याही आदल्या दिवशी हलवा, कारण खूप जण जनावरांपायी मागे राहतात आणि मग अडकतात. छावणीत चारा असेल ना, हे ग्रामपंचायतीला आधीच विचारून ठेवा. अगदीच वेळ नसेल तर दावी सोडा. बांधलेलं जनावर हमखास मरतं, सुटं जनावर वाट काढतं.

सोबत घ्यायचं : कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये, औषधं, चार्जर, थोडी रोकड. प्यायचं पाणी भरून ठेवा. कोल्हापुरात महापुरात उपसा केंद्रंच पाण्याखाली जातात आणि शहर पाण्याने वेढलेलं असताना नळ कोरडे पडतात.

बोट आली तर?

लाइफ जॅकेट नसेल आणि बोट भरलेली असेल तर पुढच्या फेरीची वाट बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली बोट उलटली आणि बायका-मुलांसह अनेकांचा जीव गेला. नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने मे महिन्यात बोट, जॅकेटं आणि इंजिन तपासून ठेवायला हवं. ऑगस्टमध्ये त्याला उशीर झालेला असतो.

विमा मिळतो का?

मिळतो. घरासाठीच्या भारत गृह रक्षा या प्रमाणित पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं आहे. पाऊस सुरू व्हायच्या आधी घ्या आणि घरातल्या वस्तूंची रक्कम पुरेशी आहे ना ते बघा. गाडीच्या सर्वसमावेशक विम्यात पूर येतो, पण पाण्यात बुडालेली गाडी चालू करून इंजिन गेलं तर कंपनी बहुधा पैसे नाकारते. गाडी चालू करू नका, ढकलत किंवा ओढून न्या.

सरकारी मदतीसाठी तलाठ्याचा पंचनामा लागतो. साफसफाई सुरू करण्याआधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या रेघेचे आणि चिखलातल्या वस्तूंचे फोटो काढा.

पाणी ओसरल्यावर आधी काय?

मेन स्विच बंद आहे याची खात्री. वायरमनने तपासल्याशिवाय एकही बटण दाबायचं नाही. विहीर-बोअरचं पाणी क्लोरिन टाकून आणि उकळूनच. अनवाणी चिखलात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिस पायाच्या जखमेतून होतो. ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात चालल्याचं आवर्जून सांगा.

खरी माहिती कुठून घ्यायची?

जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, तातडीच्या मदतीला ११२. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' ॲप मोबाइलमध्ये ठेवा. धरणांचा विसर्ग आणि बंधाऱ्याची पातळी जिल्हा प्रशासन पावसाळ्यात रोज कळवतं, महापुरात दिवसातून अनेकदा. व्हॉट्सॲपवर 'कोयनेचे दरवाजे दहा फूट उघडले, पळा' असा निरोप आला तर त्यात तारीख, वेळ आणि क्युसेक आहे का बघा. तिन्ही नसतील तर तो पुढे पाठवू नका. आणि विसर्ग खरोखर वाढवला असेल तरी कोयनेचं पाणी सांगलीत पोचायला साधारण दिवसभर तरी लागतो. तेवढ्या वेळात वरच्या मजल्यावर धान्य चढवून, आजीला नातेवाइकांकडे सोडून येता येतं.